पुढील सूचनेपर्यंत

ज्या आत्याकडे वर्षानुवर्षं फिरकायचं नाही, तिला अतिदक्षता विभागात हलवलंय असं कळलं की पहिल्या एसटीनं हजर, असे नातेवाईक प्रत्येक घराण्यात असतात. मावळात काही मंडळी हेच कार्य रेल्वेगाड्यांच्या बाबतीत करतात. गाडी धडधाकट आहे, वेळेवर धावतेय, दाराला माणसं लोंबकळतायत, तोवर त्यांना तिच्यात काडीचा रस नसतो. ‘आत चार माणसं पण नसतात हो, बंद करणार म्हणे’ एवढं कानावर पडायचा अवकाश, काका पिशवी भरायला घेतात.

काका म्हणजे कोणी एक नव्हे. देहूरोडला एक आहेत, कामशेतला आहेत, लोणावळ्यात तर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी सांगतोय ते तळेगावचे. बँकेतून निवृत्त झालेले, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, खिशात दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल पेन रद्द झालेल्या गाड्यांसाठी. पिशवीत दशमी-चटणीचा डबा, चहाचा थर्मास, छत्री आणि मध्य रेल्वेचं वेळापत्रक. तेही जुनं. यंदाचं त्यांना चालत नाही. ‘यंदाच्यात काय, नुसत्या चालू गाड्या असतात,’ हे ते ज्या तुच्छतेनं म्हणतात ती ऐकण्यासारखी असते. पुठ्ठ्याची जुनी तिकिटं त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात लावली आहेत. अल्बमातले फोटो कुठे गेले, हे काकूंना विचारावं. त्या कपाटाच्या वरच्या फळीवरच्या साडीच्या खोक्याकडे बोट दाखवतात आणि पुढे काही बोलत नाहीत.

आता मौज बघा. यांच्या घरापासून तळेगाव स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे. पुणे–लोणावळा लोकल १९७८ च्या मार्चात सुरू झाली, तेव्हापासून ती काकांच्या दारावरून धावते आहे. पण पुण्याला जायचं तर काका मुलाच्या गाडीतून जातात. लोकलनं का नाही? ‘छे, तिला गर्दी असते.’ पुण्याला नोकरीला जाणारी आम्ही माणसं सकाळी एका पायावर उभी राहून शिवाजीनगर गाठतो, त्यात काका कधी दिसत नाहीत. दिसतात ते आडवेळी, एखादी रिकामी लोकल शोधून तिच्या खिडकीत. घोरावाडीला कोणी चढलं नाही, बेगडेवाडीला कोणी उतरलं नाही की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आणि समाधान एकदमच उमटतं. यातलं नक्की खरं कोणतं हे मला अजून उलगडलेलं नाही.

काकांच्या आयुष्यातली थोर गाडी म्हणजे पुणे–कर्जत पॅसेंजर. जुनी माणसं तिला शटल म्हणत. एक्सप्रेसवाल्यांना या गाडीचं महत्त्व कधी कळलं नाही, कारण त्यांना घाट म्हणजे खिडकीतून दिसणारे धबधबे आणि कर्जतचा वडा. लोणावळा सोडलं की खंडाळा, मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग, पळसदरी अशी नावं येतात, पैकी निम्म्यांना रस्ताच नाही. तिथे केबिन आहे, रेल्वेची माणसं आहेत, आणि डोंगराच्या पोटाला धरून राहिलेल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. बाजाराला लोणावळा, दवाखान्याला कर्जत, आणि दोन्हीकडे न्यायला ही एक गाडी होती. सदतिसात एक असा चढ आहे हा. म्हणजे सदतीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. गाडी येताना मागून बँकर इंजिनं ढकलतात तेव्हा कुठे ती लोणावळ्याला लागते. काका हे सगळं बिनचूक सांगतात. फक्त त्या गाडीत ते पहिल्यांदा बसले ते ती बंद होणार अशी आवई उठल्यावर.

त्यांच्यासोबत एकदा मीही गेलो होतो. सुट्टी होती, पाऊस होता, आणि काकांनी ‘अरे, ही शेवटची असेल’ असं सांगून मला उठवलं होतं. लोणावळ्याला डब्यात चिक्कीची पाकिटं घेतलेलं एक नवविवाहित जोडपं चढलं आणि आपण चुकीच्या गाडीत बसलोय हे कळून उतरलं. उरले ते हक्काचे प्रवासी. रिकाम्या टोपल्या घेतलेल्या चारपाच बायका, खांद्यावर फावडं टाकलेले दोन गँगमन, गणवेशातली एक मुलगी. काकांनी लाल पेन काढलं, वही उघडली आणि बाकं मोजत डब्यातून फिरायला लागले. ओठ हलतायत, पेन हलतंय, मध्येच घड्याळ बघतायत. टोपलीवाल्या मावशी बराच वेळ त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

‘बाबा, तुमी रेल्वेचं का?’

काका गोंधळले. नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. ‘तसा नाही. पण... नोंद ठेवतो.’

‘मंजी गाडी बंद करायला आलाव.’

‘अहो नाही मावशी, उलट—’

पण उलट काय ते कोणी ऐकून घेईना. मावशींनी डबाभर हाळी दिली. बायका उठून काकांभोवती उभ्या राहिल्या. ‘लिवा, माझी सून बी येती. आज तिला ताप हाय म्हनून न्हाई आली.’ दुसरी म्हणाली, तिच्या दोन नाती येतात, त्या लिहा. गँगमननं त्याच्या अख्ख्या गँगची नावं सांगितली. गणवेशातल्या मुलीनं वर्गातल्या मैत्रिणी मोजल्या, त्यातली एक म्हणे बदलापूरला राहायला गेली होती, तीही मोजून घेतली. काका लाल पेनानं लिहीत होते. मंकी हिलला गाडी थांबेपर्यंत त्या मोजक्या माणसांच्या डब्यातला आकडा साठीच्या घरात गेला होता. मावशींनी वहीत डोकावून बघितलं. वाचता येत नसावं, पण ओळी मोजल्या आणि समाधानानं म्हणाल्या, ‘आता नीट सायबाला द्या.’ ठाकूरवाडीला उतरताना त्यांनी काकांच्या हातावर मूठभर करवंदं ठेवली. ती लाच होती. काकांनी घेतली.

ते पान अजून त्यांच्या वहीत आहे. मी चिडवलं की म्हणतात, ‘आकडे प्रवाशांनी स्वतः दिलेले आहेत.’

खरी पंचाईत वेगळीच होती. शेवटच्या फेरीला हजर राहायचं तर शेवटची फेरी कोणती हे आधी कळलं पाहिजे, आणि आपल्याकडे गाडी बंद होत नाही. ती ‘रद्द’ होते. आज रद्द, उद्या रद्द, तांत्रिक कारणास्तव रद्द, मग ‘पुढील सूचनेपर्यंत’ रद्द. ती सूचना काही येत नाही. विलायतेत म्हणे रेल्वेमार्ग बंद करायचा तर कायद्याची लांबलचक प्रक्रिया पार पाडावी लागते. ती कटकट नको म्हणून कंपन्या आठवड्यातून एकच गाडी सोडतात, ती रिकामी जाते, आणि कागदोपत्री मार्ग जिवंत राहतो. स्टॉकपोर्ट ते स्टॅलीब्रिज अशी एक गाडी या कारणानं प्रसिद्ध आहे. तिच्यात बसायला लांबून लोक येतात. काकांना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. ‘बघ, तिकडे गाडीलासुद्धा मरायला पंचनामा लागतो. इकडे एक फळा आणि खडू!’

त्या खडूमुळे काकांनी कर्जत पॅसेंजरचा शेवटचा प्रवास अनेकदा केला. दर वेळी हार घेऊन. २०१९ च्या पावसाळ्यात घाटात दरडी आल्या, मंकी हिल ते नागनाथ पट्ट्यातल्या रुळांच्या दुरुस्तीची कामं महिनोन् महिने चालली, आणि गाड्या कधी पुण्यातूनच सुटायच्या, कधी पुण्यातच संपायच्या. आज धावली म्हटलं की काका हार घेऊन निघायचे. लोणावळ्याच्या फुलवाल्यानं शेवटी विचारलं, ‘काका, रोज नवीन देव कुठला?’ इंजिनाला हार घालायचा, ड्रायव्हरला पेढा द्यायचा, डोळे पुसायचे, आणि पुढच्या आठवड्यात तीच गाडी तोच ड्रायव्हर घेऊन समोर उभी. एका ड्रायव्हरनं तर हात जोडून सांगितलं, ‘काका, पेढे द्या, पण रडू नका. आमच्या घरी कळलं तर बदली झाली समजतील.’

आणि मग मार्च २०२० आला. बावीस तारखेला सगळा देश बाल्कनीत उभा राहून थाळ्या वाजवत होता. काकाही वाजवत होते. त्याच सुमाराला देशभरातल्या झाडून सगळ्या प्रवासी गाड्या एकदम थांबल्या. एवढ्या मोठ्या संख्येनं शेवटच्या फेऱ्या इतिहासात एका वेळी झाल्या नसतील, आणि काका त्यातल्या एकाही गाडीत नव्हते. पुढे एक्सप्रेस आल्या, लोकल आली, कर्जत पॅसेंजर मात्र आली नाही. पॅसेंजरचं दहाचं तिकीट एक्सप्रेसच्या तीस रुपयांना झालं, तेही २०२४ मध्ये उतरून परत दहावर आलं, पण घाटातल्या थांब्यांना थांबायला ती गाडीच नव्हती. २०२० च्याच एप्रिलात, टाळेबंदीतच, एक्सप्रेसवेवरचा अमृतांजन पूलही सुरुंग लावून पाडला. १८३० चा पूल. रस्त्याचा होता, रेल्वेचा नव्हे, पण काकांनी तोही मनाला लावून घेतला. ‘बाहेर पडायला बंदी असताना पाडतात म्हणजे काय? एखाद्यानं बघायचं कसं?’ त्या पुलाशेजारीच घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा गाडी तिथे तोंड फिरवून पुढे जायची; नव्या मार्गामुळे १९२९ मध्ये ते बंद पडलं. काकांचा त्यावर आक्षेप एवढाच, की तेव्हा आपण जन्मलो नव्हतो.

एव्हाना मावळ त्यांना पुरेनासा झाला होताच. नागपूर–नागभीडची अरुंद रुळांवरची गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली, तिकडे ते जाऊन आले होते. मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीबद्दल बोलताना त्यांचा आवाज कातर होतो. मँचेस्टरला घडलेलं १९२१ चं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत खेचत होतं. पाचोरा–जामनेर हुकली, तीही टाळेबंदीपायी. काकूंचं माहेर जामनेरचं. पस्तीस वर्षं त्या म्हणत होत्या, एकदा त्या छोट्या गाडीनं जाऊ. तेव्हा काका म्हणायचे, ‘कुठे पळून जातेय ती?’ हा विषय निघाला की काका थर्मास धुवायला उठतात.

मला विचाराल तर अशा माणसांवर रागवावंसं वाटतं आणि रागवता येत नाही. गाड्या रिकाम्या धावल्या त्यात त्यांचं घरटी एक रिकामं बाक होतंच. पण ठाकूरवाडीला कोण राहतं, तिथली बाळंतीण कर्जतला कशी पोचते, हे मावळातल्या किती शहाण्यांना माहीत होतं? आमच्या लोकलच्या ग्रुपात घाटाचा विषय निघतो तो फक्त डेक्कन क्वीनला उशीर झाला की. गाडी परत सुरू करा म्हणून अर्ज लिहायला शेवटी काकाच बसले. सोबत पुरावा म्हणून वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. गँगमनच्या गँगसकट आणि बदलापूरच्या मैत्रिणीसकट. पोच मिळाली आहे. उत्तर पुढील सूचनेपर्यंत नाही.

मुंबई–सोलापूर वंदे भारत २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा ती जाताना बघायला माणसं फलाटावर उभी होती, कडेवर पोरं घेऊन, मोबाइल वर धरून. बँकर न लावता घाट चढणारी गाडी म्हणून आम्हालाही अप्रूप. मी संध्याकाळी काकांकडे गेलो आणि म्हटलं, चला, काकूंना घेऊन एकदा पुणे ते दादर जाऊन येऊ, तिकिटं मी काढतो.

काकूंनी लगेच होकार दिला. काकांनी लाल पेन उघडलं.

‘बंद करतायत का?’

‘नाही हो काका, आत्ताच तर सुरू झाली.’

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ‘मग घाई काय आहे?’