दीड तासाचा माणूस

कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. हे मला कुणी विचारलेलं नसतं, तरी मी सांगतो. दूधवाल्याला सांगून झालं, न्हाव्याला अर्ध्या दाढीत सांगून झालं. ‘हवाई’ म्हणताना आवाज आपोआप चढतो.

विमानाला लागतो साधारण दीड तास. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडं जागेवर उभं राहिलं की बंद. जमिनीवरचं रांगणंही त्यातच धरतात. हे ज्ञान कट्ट्यावर मांडलं, तर तालमीतला एक पोरगा म्हणाला, “ते ऱ्हाऊ द्या काका. घरातनं घरापतोर किती?”

उजळाईवाडीपर्यंतची रिक्षा, बॅगेची तपासणी, माझी तपासणी, खुर्चीत ताटकळणं, सोनेगावला उतरून नागपूरच्या पार पलीकडच्या टोकाला अक्काचं घर. बेरीज अर्ध्या दिवसाकडं झुकायला लागली, तसा मी विषय १९३९ वर नेला. त्या साली राजाराम महाराजांनी कोल्हापूरला विमानतळ दिला, हे सांगताना कुठल्याही कोल्हापूरकराची छाती फुगते. मधली कित्येक वर्षं तिथं प्रवासी विमान फिरकलंच नाही, ही गोष्ट निघाली की आम्ही चहा मागवतो.

आमचे दाजी नागपूरचे. ते १९३९ ला भीत नाहीत. ते १९४९ काढतात. त्या साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून संध्याकाळनंतर विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात भेटायची, थैल्यांची अदलाबदल करून उजाडता उजाडता आपापल्या गावी परत. मला हे चित्र फार आवडतं. थंडीत उभी चार विमानं, डोळे चोळत पाय मोकळे करणारे प्रवासी, कंदील, धावपळ, मद्रासची लग्नपत्रिका कलकत्त्याच्या ढिगात पडताना ओरडणारा कुणी कारकून. यातलं निम्मं मीच रचलंय. पण दाजी सांगतात तेव्हा मला तिथला चहासुद्धा दिसतो. देशभरची पत्रं अशी एका रात्रीत उडायची. त्या चार गावांत कोल्हापूर नव्हतं.

अक्काची पत्रं सावकाश यायची. ती स्वतःही. महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, मनमाड, पुणे करत यायला एक अख्खा दिवस घेते, वर काही तास; आणि राज्य एकच. आई गेली तेव्हा अक्का मिळेल त्या गाडीनं निघाली. पोचली तेव्हा आम्ही पंचगंगेवरून परत येऊन रात्र उलटली होती. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “तोंड कसं दिसत होतं रे?” मला धड सांगता आलं नाही. त्या सातशे किलोमीटरचा राग कुणावर काढायचा, हेही मला कधी कळलेलं नाही.

म्हणून विमान सुरू झाल्यावर पहिला फोन तिला केला. रुबाबात म्हणालो, “अक्का, दीड तासात येतोय!”

“ये की,” अक्का म्हणाली. “परतीचं तिकीट मात्र मला विचारल्याशिवाय काढायचं नाही.”

तेव्हा वाचकहो, कुणी विचारलंच तर सांगा: कोल्हापूर ते नागपूर दीड तास, आणि रजा आठ दिवसांची टाका.