मौनाचा मक्ता

आकाश कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी वेदान्ताच्या दप्तरी लावून निकालात काढला होता. परंतु क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या दाव्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत प्रभृतींनी हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला, आणि जे जे सार्वजनिक ते ते लिलावास पात्र, या राज्यकारभाराच्या सनातन न्यायानुसार सरकारने यथावकाश दवंडी पिटविली. २००० सालच्या पहिल्या लिलावात खाजगी नभोवाणीसाठी १०८ वारंवारिता पुकारल्या गेल्या आणि बोली लावणाऱ्यांना असा चेव चढला, की दरसाल १५ टक्क्यांनी वाढणारी फी शेवटी आपल्याच तिजोरीतून जावयाची आहे याचेही भान उरले नाही. परिणामी १२ शहरांत मिळून जेमतेम २१ केंद्रांना कंठ फुटला. २००५ साली सरकारला पाझर फुटून एकरकमी नजराणा व उत्पन्नाचा ४ टक्के हिस्सा असा तोडगा निघाला, तर २०१५ च्या लिलावात मुंबईतील एका वारंवारितेस १२२ कोटींहून अधिक मोल आले.

एवढे द्रव्य मोजून परवानाधारकाने नेमके काय पदरात पाडून घेतले? न बोलण्याचा अधिकार. खाजगी नभोवाणीस स्वतःच्या बातम्या वर्ज्य आहेत. फारच उबळ आली तर आकाशवाणीचे बातमीपत्र कानामात्रेचा फरक न करता पुन्हा ऐकवावे. मौज अशी, की यांपैकी कित्येक मालकांची वर्तमानपत्रेही आहेत, आणि जो मजकूर सकाळी छापला असता राष्ट्र सुरक्षित राहते, तोच दुपारी उच्चारला असता ते धोक्यात येते.

पावसाळ्यात मुंबईच्या हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचले, तर निवेदकाने ते खुशाल सांगावे, कारण वाहतूक, हवामान, वीजपाणी, परीक्षांचे निकाल इत्यादी विषय ‘बातमी नव्हेत’ असा दाखला २०११ च्या धोरणाने दिलेला आहे. मात्र नालेसफाईचा पैसा कोणत्या नाल्यातून वाहून गेला, असे विचारण्यास जीभ वळू लागताच त्याने ती आवरून तत्काळ एखादे पाऊसगाणे लावावे. (मुंबईत पावसाला आणि पाऊसगाण्यांना तोटा नाही, ही परमेश्वराची कृपा.)

१९५२ नंतरच्या काळात याच सरकारचे नभोवाणीमंत्री, आपल्या पुण्याचे डॉ. बा. वि. केसकर, यांना चित्रपटगीतांत संस्कृतीचा ऱ्हास दिसला होता. त्यांनी गाणी दाराबाहेर घालविली आणि श्रोते रेडिओ सिलोनच्या आश्रयास गेले. बातम्या तेव्हा निरुपद्रवी मानल्या जात, कारण त्या सांगणारे एकच होते. आता सांगणारे अनेक झाल्याबरोबर उपद्रवाचे स्थान बदलले, आणि कालचे अभक्ष्य तेवढे बाजारात विक्रीस आले.

बाकीच्या कर्तव्यांचा पाढा छोटा आहे. सरकारने फर्मावल्यास दिवसाकाठी तासभरापर्यंत लोकहिताच्या घोषणा ऐकवाव्यात, शिवाय प्रक्षेपणाचे मागील तीन महिन्यांचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, म्हणजे आपण काहीही बोललो नाही हे मागणी होताच पुराव्यानिशी शाबीत करता येईल.

ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली असून त्यांची राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये आहे. इच्छुकांनी अनामत रकमेसह हजर राहावे. बोलण्यासारखे काही असल्यास ते घरी ठेवून यावे.