शांततेचा रेट काय?

व्हल्फपेक नावाच्या अमेरिकन बँडने मार्च २०१४ मध्ये ‘स्लीपिफाय’ हा अल्बम काढला. गाणी दहा, प्रत्येक गाणे अर्ध्या मिनिटाहून जेमतेम मोठे, आणि दहाही गाण्यांत आवाज शून्य. पहिल्या गाण्याचे नाव ‘झेड’, दुसऱ्याचे ‘झेडझेड’, आणि पुढे दहाव्यापर्यंत घोरणे चांगले रंगात येते. बँडने चाहत्यांना विनंती केली की, रात्री झोपताना हा अल्बम स्पॉटिफायवर लावून ठेवा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही झोपा, कमवायचे आम्ही बघतो, असा एकूण आशय.

यामागचे गणित बघण्यासारखे आहे. स्पॉटिफायच्या हिशेबात गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले. त्यात काय होते, ऐकणारा जागा होता की नाही, याची चौकशी करणारा टेबल त्या कचेरीत नाही. गाण्यांची लांबी ३१-३२ सेकंद ठेवण्याचे कारण एवढेच. सात तासांची झोप घेणारा एक चाहता एका रात्रीत सुमारे आठशे गाणी ‘ऐकतो’. एकेका ऐकण्याचा मोबदला सेंटपेक्षाही कमी, पण थेंबे थेंबे तळे साचले आणि जवळपास २० हजार डॉलर जमले. एप्रिलच्या अखेरीस स्पॉटिफायने अल्बम उतरवला. बँडने त्या पैशांतून दौरा काढला आणि लोकांना फुकट आत सोडले. आपल्याकडे तीस वर्षे रियाज करून मानधनाचे पाकीट हळूच एका बाजूला वळून उघडणाऱ्या गवयांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

लोक याला लबाडी म्हणतात. मला तर अख्ख्या धंद्यात एवढाच व्यवहार सरळ वाटतो. काय वाजते यापेक्षा किती सेकंद वाजते यावर ज्या बाजारात पैसे मिळतात, तिथे काहीच न वाजवणे हा सर्वांत शुद्ध माल. तंबोरा लावायला नको, तबला उतरायची भीती नाही, साउंडवाल्याशी हुज्जत नाही. शिवाय बेसूर होण्याची सोयच नाही, आणि ही हमी आजच्या किती अल्बमना देता येईल, ते मी सांगत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये आणखी एका अमेरिकन गृहस्थाने ‘ए ए ए ए ए व्हेरी गुड साँग’ नावाचे ९ मिनिटे ५८ सेकंदांचे ‘गाणे’ विकायला काढले. तेही मुके, किंमत ९९ सेंट. पण याला खरेच गिऱ्हाईक होते. आयफोन गाडीला जोडला की कित्येक गाड्यांमध्ये फोनमधले वर्णमालेत पहिले येणारे गाणे आपोआप सुरू होते. यादी लावताना ‘द’ मोजत नाहीत, त्यामुळे असंख्य अमेरिकन लोकांच्या नशिबी रोज सकाळी एड शीरनचे ‘द ए टीम’ आले. गाणे वाईट नाही हो; पण दूध आणायला निघताना, मुलाला शाळेत सोडताना आणि बायकोशी भांडण अर्धवट ठेवून गाडीत बसताना तेच म्हटल्यावर माणूस काय करील? पाच ‘ए’ लावून हे मुके गाणे यादीत सर्वांत वर जाऊन बसले आणि चालकाला रेडिओ लावायला दहा मिनिटांची उसंत मिळाली. हे गाणे विक्रीच्या यादीतही वर चढले. फोन बनवणारी एक कंपनी, गाडी बनवणारी दुसरी, दोघींनी मिळून एक डोकेदुखी तयार केली आणि तिच्यावरची गोळी गिऱ्हाइकाने पदरचे पैसे मोजून घेतली. ग्राहकोपयोगी तंत्रज्ञान म्हणतात ते हेच.

शांतता विकण्याचा हा शोध इंटरनेटचा मात्र नाही. आल्फोन्स आले या फ्रेंच विनोदी लेखकाने १८९७ मध्येच एका थोर बहिऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेसाठी मार्च छापला होता. स्वरलिपीच्या रेघा होत्या, स्वर एकही नव्हता. पुढे जॉन केज या संगीतकाराने १९४८ मध्ये जाहीर भाषणात सांगितले की, अखंड शांततेचा एक तुकडा रचून तो म्युझॅक कंपनीला विकायचा आपला विचार आहे. म्युझॅक म्हणजे हॉटेलांत, कचेऱ्यांत, दुकानांत गुळगुळीत संगीत पुरवणारी कंपनी. लांबी तीन किंवा साडेचार मिनिटे, कारण असले डबाबंद संगीत त्याच मापात मिळायचे. म्हणजे कलेच्या इतिहासात फार गंभीर चेहऱ्याने सांगितली जाते ती शांतता मुळात लिफ्टमधल्या संगीताच्या पॅकिंगच्या मापाने कापलेली होती.

तो सौदा काही झाला नाही. पण २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या सभागृहात पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसला, झाकण लावले, घड्याळ पाहिले, झाकण उघडले, पुन्हा लावले आणि ४ मिनिटे ३३ सेकंदांनी उठला. केजची ही रचना तीन भागांची होती. श्रोते चिडले. साहजिक आहे, तिकीट काढून आलेल्या माणसाला निदान खोकण्यासाठी तरी पार्श्वसंगीत लागते.

अर्ध्या शतकाने हे प्रकरण हक्कांच्या वादात गेले, हे तर व्हायचेच होते. माइक बॅट या इंग्रज संगीतकाराने २००२ मध्ये एका अल्बममध्ये एक मिनिटाची शांतता टाकली आणि श्रेयाच्या ओळीत आपल्या नावाशेजारी केजचे नाव लावले. केजच्या प्रकाशकांनी हक्क सांगितला. सहा आकडी पौंडांत तडजोड झाल्याच्या बातम्या छापून आल्या. २०१० मध्ये बॅटनेच सांगितले की, दिलेली रक्कम हजार पौंड होती, बाकी प्रसिद्धीचा खेळ. मला कुतूहल आहे ते वेगळे. चोरीला गेलेल्या शांततेचा पंचनामा कसा करत असतील? दोन्ही शांतता पंचांसमक्ष एकामागून एक वाजवायच्या आणि ‘मुद्देमाल ओळखला’ म्हणून सह्या घ्यायच्या?

हे झाले हौशी लोकांचे. शांततेची खरी ठोक विक्री कानात होते. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला विमानाने जाताना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीमुळे संगीत नीट ऐकू येईना. त्यांनी विमानातच गणित मांडायला घेतले. मायक्रोफोनने बाहेरचा आवाज टिपायचा, त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करून कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खातात. आवाज मारायला आणखी एक आवाज! कलकत्त्यातून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाच्या मुलालाच हे सुचावे यात नवल नाही. वैमानिकांसाठी १९८९ मध्ये आणि सामान्य गिऱ्हाइकासाठी २००० मध्ये हा माल बाजारात आला. आता तर कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही या जातीचे हेडफोन टांगलेले असतात.

विक्रेता एक गोष्ट मात्र सांगत नाही. ही युक्ती चालते ती एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर. अचानक उठणाऱ्या आवाजावर आणि माणसाच्या बोलण्यावर तिचे फारसे चालत नाही. आमच्या एका मित्राने असा हेडफोन घेतला आणि ८.०७ च्या ठाणे लोकलमध्ये लावला. चाकांचा खडखडाट मागे गेला, पंख्याचा आवाज गेला. त्या मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या काकांच्या फोनवरचा रील असा काही लख्ख ऐकू येऊ लागला की विचारता सोय नाही. पंधरा सेकंदांचा विनोद, त्यावर डबाबंद हास्याचा फवारा, आणि काकांना तो आवडल्यामुळे पुन्हा तोच. मित्र म्हणाला, “काका, जरा हळू लावता का?” काकांनी त्याच्या कानांकडे पाहिले. “अहो, तुमच्याकडे एवढं मशीन आहे ना? मग चालू करा की.”

काकांचे तर्कशास्त्र बिनतोड आहे. आवाज करणाऱ्याने फुकट करावा, ज्याला नको त्याने हजारो रुपये मोजावेत, ही आजची सर्वमान्य अर्थव्यवस्था. फुकटच्या ॲपवर दोन गाण्यांमध्ये ओरडणारी जाहिरात घाला, मग ती न ऐकण्याची वर्गणी घ्या. त्यातले आपले योगदानही लहान नाही. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमागची खरखर कमी करण्यासाठी. जुन्या कॅसेट डेकवर त्या नावाचे बटणच असायचे. कोल्हापूर-सांगलीकडे आता तेच नाव मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने हलवणाऱ्या स्पीकरच्या भिंतींना आहे.

स्पॉटिफायने स्लीपिफायची आठवण ठेवली असावी. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने नवे नियम जाहीर केले. वर्षभरात किमान हजार वेळा ऐकले गेल्याशिवाय गाण्याला पैसे नाहीत. पंख्याचा, पावसाचा, यंत्राचा असा ‘झोपवणारा’ आवाज असेल तर तुकडा किमान दोन मिनिटांचा हवा आणि मोबदला गाण्यापेक्षा कमी. या गोंगाटाच्या यादीत पांढरा गोंगाट आहे, निसर्गाचे आवाज आहेत, यंत्रांची घरघर आहे आणि त्यांच्याच रांगेत शांततेची ध्वनिमुद्रणेही आहेत. शांतता हा गोंगाटाचा एक प्रकार आहे, असे कंपनीने रीतसर ठरवून टाकले. शांतता निषेधाच्याही कामी येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केट बुश, ॲनी लेनॉक्स यांच्यासह हजाराहून अधिक कलाकारांनी रिकाम्या स्टुडिओंचा अल्बम काढला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना आमची गाणी न विचारता शिकू द्याल तर मागे हे उरेल, असे त्यांना ब्रिटिश सरकारला सांगायचे होते. बारा तुकड्यांची नावे सलग वाचली की निषेधाचे वाक्य तयार होते. मंत्र्यांना ऐकू येत नसले तरी वाचता येते, असा त्यामागे विश्वास असावा.

वर्गीकरणाच्या बाबतीत मात्र स्पॉटिफायने महाराष्ट्राला गुरू मानावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा ५० डेसिबल. पाट्या सगळीकडे आहेत, बहुतेक ठिकाणी त्यांच्या खालीच रिक्षा स्टँड आहे. १० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियम बदलला: राज्याने अधिसूचना काढल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र नाही. राज्याने उच्च न्यायालयात सांगितले की, या घडीला महाराष्ट्रात एकही शांतता क्षेत्र नाही. हेडफोन नाही, उलटी लहर नाही, वर्गणी नाही. एका दुरुस्तीत राज्यभरातली सगळी शांतता रद्द. १ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती स्थगित केली. त्या स्थगितीला सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबरला स्थगिती दिली. अनंत चतुर्दशी ५ तारखेला होती.