उत्तरेचा उजेड

निवृत्त झालेला पुणेकर एकतर गाणं शिकतो, नाहीतर संस्कृत. आमचे नाना तैलरंगात व्यक्तिचित्र शिकू लागले. सुरुवात अर्थातच ब्रशने नाही, मतांनी झाली. पहिलं मत असं की, चेहऱ्याला उजेड उत्तरेचाच हवा, तो दिवसभर फारसा बदलत नाही. हे खरंच आहे. पंचाईत एवढीच की त्यांच्या सदाशिव पेठेतल्या घराला उत्तरेची खिडकी एकच, आणि ती ओट्यावर.

मग ईझल स्वयंपाकघरात आलं. मॉडेल तिथे आयतीच होती.

आता काकू फोडणी टाकायला वळल्या की नाना ओरडतात, "हनुवटी हलली!" जवसाच्या तेलाची बाटली लोणच्याच्या बरणीला खेटून उभी असते आणि आमटीला टर्पेंटाइनचा वास येतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर तेलकट, उलटं केलंत तर पुढे रंग तडकतो, हे आता दूधवाल्यालाही पाठ आहे. नाना स्वतः मात्र वरच्या थरापर्यंत सहसा पोचत नाहीत. कान कधी काढणार विचारलं, तर "गाल ओला आहे."

बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाला गेले, तर मध्यंतरात लोक बटाटेवड्याकडे धावतात आणि नाना गोपाळ देऊसकरांनी रंगवलेल्या बालगंधर्वांसमोर ठाण मांडतात. अनोळखी माणसाचा दंड धरून सांगतात, "डोळे किलकिले करून बघा. तपशील जातो, छायाप्रकाश उरतो." तिसरी घंटा होते, तो माणूस सुटतो, नाना नाही.

वासुदेव कामतांना 2006 साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं, तेही पत्नीच्या चित्राला, हा दाखला काकूंना रोज ऐकवला जातो. "त्या बसल्या ना स्थिर?"

"त्यांचं चित्र संपलं असेल," काकू पोळी उलटत म्हणाल्या.

शेवटी एकदाचं संपलं. चित्रकाराचा स्वतःचा चेहरा नकळत चित्रात उतरतो, असं लिओनार्दोने बजावून ठेवलंय. नाना थेट आपल्या आईवर गेलेले. काकूंनी पदराला हात पुसले, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी ओटा माझ्या ताब्यात आला होता. आणल्यात परत सासूबाई!"