अण्णांची धामण

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात अण्णांकडे जायचं तर बेड्याबाहेरून हाक मारावी लागते, येण्याचं कारण सांगावं लागतं आणि ते पटलं तरच बेडं उघडतं. सापांना यातली एकही अट लागू नाही.

उंदरांनी माडावरच्या कोवळ्या नारळांचा फडशा पाडला, तेव्हापासून अण्णा धामणीची वाट बघू लागले. बिळात शिरून उंदीर धरणारी दुसरी कोण? तिच्यासाठी बाग नव्याने मांडली. गडग्याच्या फटी बुजवायला निघालेल्या गड्याला चहा पाजून परत पाठवलं. पाचोळा जाळायला बंदी. वेलींवरचं नायलॉनचं जाळं काढलं, कारण त्यात साप अडकून मरतो. उंदरांचं औषधही हद्दपार. विष खाल्लेला उंदीर धामणीने खाल्ला की तीही संपली. वैशाखात माडाच्या सावलीला पसरट परळात पाणी भरलेलं असतं. काकूंना मात्र पाणी जपून वापरायची ताकीद!

"अहो, पण धामणीच्या जागी नाग आला तर?" असं कुणी विचारलं, की अण्णांमधला निवृत्त अव्वल कारकून जागा होतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचे अर्ज त्यांनी नामंजूर केले आहेत. फुरसं दगडाखाली दडतं म्हणून घराजवळचे सुटे चिरे आणि लाकडं बागेच्या पार टोकाला. जोत्यालगत गवत वाढू द्यायचं नाही. दाराखालच्या फटीला पट्टी. रात्री परसात जाताना बॅटरी सक्तीची.

"बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे ठळक," हे ते येईल त्याला ऐकवतात आणि पुढे दम भरतात, "पण बघायला जवळ जायचं नाही. पट्टे तपासणारा थेट इस्पितळात पोचतो."

नागपंचमीला काकूंनी दुधाची वाटी ठेवली. "साप दूध पीत नाहीत," असं म्हणून अण्णांनी ती स्वतःच रिकामी केली.

गेल्या मे महिन्यात जावई पडवीत झोपाळ्यावर बसले असताना ७ फुटी धामण अंगणातून सळसळत निघाली. जावई किंचाळत उठून नाचायलाच लागले.

"ओरडा हवं तेवढं, पण पाय आपटू नका!" अण्णा खेकसले. "जमिनीची थरथर तिला कळते!"

ती गडग्यात दिसेनाशी होईपर्यंत अण्णा वाट अडू नये म्हणून अंग चोरून उभे होते. मग जावयांकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"तुमचं परतीचं आरक्षण कधीचं आहे?"