लाईन क्लिअर

आमच्या गावाला दोन नावं आहेत. नगरपरिषदेच्या पाटीवर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे भेटली ती या दुसऱ्या पाटीखाली, त्यामुळे 'सिग्नल' हा शब्द आम्हाला कोणी शिकवायला नको. आउटरला उभी गाडी, दारात लोंबकळून पुढे पाहणारी माणसं आणि "अजून सिग्नल नाही भेटला" हे वाक्य, यात आमची निम्मी हयात गेली. तरी टेबलावरच्या काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरं तरंगायला लागली तेव्हा पोटात जो गोळा आला, तो आउटरला कधी आला नव्हता.

कॉम्प्युटर जुना. नागपुरात कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, साडेसहा हजारांत घेतला. दुकानदारानं बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्यावर थाप मारून "माल कडक आहे" म्हटलं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा तो एसटीनं आला; मॉनिटर माझ्या मांडीवर, सीपीयू मागच्या सीटखाली. मागच्या सीटचे दणके ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना पुढचं सगळं इथंच कळेल. मला कळलं नाही. घरी उतरवताना बायको म्हणाली, "यात काहीतरी वाजते न हो."

"पंखा असतो आत."

"बंद असतानाही वाजते?"

मी पिशव्या उचलायला बाहेर गेलो.

दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. नाटक रात्रभर चालतं आणि नाटक कंपन्यांची बहुतेक ऑफिसं आमच्या वडशात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, म्हणजे धंदा काही ऐरागैरा नाही. माझा त्यातला वाटा पाम्प्लेटपुरता. पाम्प्लेट बनवणं नाटक लिहिण्याहून अवघड असतं. नायिकेचं नाव खलनायकाच्या नावाहून मोठं हवं, विनोदी नटाचा फोटो गाववाल्यांना मोठा हवा आणि मंडळाच्या अध्यक्षांना स्वतःचा. त्या दिवशी अध्यक्षांचं नाव तिसऱ्यांदा मोठं करत होतो. मध्येच पडदा पडला. पंखा सुरू, हिरवा दिवा सुरू, चित्र गायब.

मग वैद्य जमले. कॉम्प्युटर क्लासचा पोरगा म्हणाला, "रॅम काढून खोडरबरनं घासा." मोबाइलवाला म्हणाला, फॉरमॅट मारा. साळा म्हणाला, आतला सेल गेला, रुपयाएवढा असतो, तीन व्होल्टचा, बदलून टाका. झेरॉक्सवाल्यानं मॉनिटरकडे नुसतं पाहून "गेला" म्हटलं, आवाज मयतीचा. कोणाचाच सल्ला खोटा नव्हता. फक्त माझ्या मशीनला कोणता रोग आहे हे कोणी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांचं ऐकलं. रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी दातांची ओळ असते, त्या दातांवर बारीक काट चढते, ती रबरानं निघते. घरात रबर होतं ते पोरीचं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. एकेक दात घासला, फुंकर मारली, पट्टी 'खट्' वाजेपर्यंत दाबली. चित्र आलं! अख्ख्या खोलीला स्ट्रॉबेरीचा वास आणि मला इंजिनीअर झाल्यासारखं वाटलं. वीस मिनिटांनी घराच्या मागून मालगाडी धडधडत गेली आणि चित्रही तिच्यासोबत गेलं.

शेजारचे मामाजी रिटायर पॉइंट्समन. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, चहा मागवला आणि विचारलं, "का गा, एका टोकाले हे ठेसन, दुसऱ्या टोकाले ते ठेसन, मधात लाईन. तीनातलं कोन निजलं हे पाहाशील का नाही? सगळंच कायले उपटतं?"

"अंधारात काय दिसणार मामाजी?"

"सिग्नलचा दिवा इझला तर आमी त्याले लाल समजतो. गाडी थांबवतो. गाडी मेली असं नाई समजत."

मग आठवलं. कॅप्स लॉकचं बटण दाबलं. कीबोर्डवरचा बारका दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे आतला स्टेशनमास्तर जागा होता, फक्त दिसत नव्हता. मशीन गोठलं असतं तर तो दिवा हललाही नसता. मी आंधळेपणानं कंट्रोल आणि एस दाबलं. नंतर पाहिलं तर अध्यक्षांचं नाव अध्यक्षांएवढंच मोठं जपून राहिलं होतं.

झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला माझा मॉनिटर लावला. झकास चालला, 'गेला' म्हणणारा माणूस घाईनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझी केबलही तिथं चालली. ही व्हीजीए केबल, तीन ओळींत पंधरा पिना. आयबीएमनं हा प्रकार 1987 मध्ये आणला, म्हणजे माझ्या लग्नाहून जुना आणि अजून तितकाच तग धरून. दोन ठिकाणं निर्दोष सुटली. राहिला सीपीयूचा डबा.

इथं मामाजींनी जे केलं ते कोणा इंजिनीअरला सुचलं नसतं. त्यांनी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि तीन दिवस माझ्या टेबलाशी ड्युटी लावली. चित्र कधी गेलं, याची वेळ. सकाळी 10.52. दुपारी 2.15. रात्री 7.25. तिसऱ्या दिवशी वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हे टायमिंग कॉम्प्युटरचं नोहे गा. मालगाडीचं हाये."

डब्याचं झाकण काढलं. ग्राफिक्स कार्ड आपल्या खाचेत तिरकं लोंबत होतं, सभा संपायच्या आधी पेंगणाऱ्या पाहुण्यासारखं. कार्डाला डब्याशी धरून ठेवणारा स्क्रू जागेवर नव्हता. मागून जड केबल ओढत होती, खालून रुळांचा हादरा येत होता, आणि केसभर सरकलं की संपर्क तुटत होता. डबा तिरपा केला तसा तळातून घरंगळत एक स्क्रू बाहेर आला आणि फरशीवर टिणटिण करत बायकोच्या पायाशी थांबला.

तिनं तो उचलला, माझ्या तळहातावर ठेवला. काहीच बोलली नाही. बोलायचं तिनं पुढच्या वीस वर्षांसाठी राखून ठेवलं.

कार्ड सरळ बसवलं, स्क्रू आवळला, केबलचे दोन्ही कानही पिळले. संध्याकाळी आम्ही सगळे पडद्याकडे टक लावून बसलो. रूळ वाजायला लागले, टेबलावरची कपबशी थरथरली, खिडकीची काच वाजली, शेवटचा डबा गेला. पडद्यावर अध्यक्ष हसत होते.

मामाजींनी वहीत लिहिलं: रात्री 7.31. मालगाडी पास. चित्र कायम. मग वही माझ्याकडे दिली, "सही कर."

सही करताना पाहिलं, शेवटचा रकाना त्यांनी पहिल्याच दिवशी आखून ठेवला होता. चहा, एकूण 23.