नेट का गेलं होतं, त्याचं जॉबकार्ड

आइंडहोवन,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

ती. स्व. आई आणि आप्पा यांस,
मानसीचा सा. न. वि. वि.

आप्पा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही चिडून म्हणालात, "नुसतं नेट गेलंय, नेट गेलंय काय लावलंय? काय बिघडलं, काय बदललं, ते लिहून पाठवा." तुमच्या चिरंजीवांवर, नीलेशवर, हे सोपवलं असतं तर दोन ओळींचा मेसेज आला असता आणि त्यातली दीड ओळ इंग्रजी असती. म्हणून मीच बसले. दापोडीच्या वर्कशॉपात तुम्ही जन्मभर जॉबकार्डं भरलीत, हे त्याच नमुन्यातलं समजा. फरक एवढाच, की इथे फिटरही तोच, स्टोअरकीपरही तोच आणि गाडी बंद पडली की धक्का मारायला आम्ही तिघं.

आई, आधी तुमचं. तीन रविवार आपलं बोलणं रंगात आलं की तुमचा चेहरा स्क्रीनवर थिजायचा, एकदा तर शिंक येता येता थिजलात. ते तुमच्या फोनमुळे नव्हतं. फोन भरलाय म्हणून तुम्ही शेजारच्या मुलाकडून निम्मे फोटो पुसून घेतलेत, ते उगाच. मला फार लागलं ते. दोष आमच्या दाराशीच होता, अगदी शब्दशः.

इकडे घराचं दार उघडलं की लगेच बाजूला एक अरुंद कपाट असतं, त्याला मीटरकास्ट म्हणतात. विजेचा मीटर, गॅसचा मीटर, पाण्याचा कॉक आणि नेटची फायबर, सगळं त्यात. आमच्या मीटरकास्टात नेटवाल्या कंपनीचा पांढरा राउटर चार वर्षं गुमान लुकलुकत होता. मग ओवीला तेरावं लागलं, तिच्या हातात फोन आला आणि नीलेशला एकाएकी घराच्या सुरक्षिततेची काळजी वाटायला लागली. त्यात २०२२पासून इथे नियम आहे, की ग्राहकाला स्वतःचं यंत्र लावायचं असेल तर कंपनीने अडवायचं नाही. कायद्याने हक्क दिला की तो बजावल्याशिवाय तुमच्या घराण्यात कोणाला झोप येत नाही. सोसायटीच्या पार्किंगची भानगड आठवा.

तर नीलेशने ठरवलं, घरात फायरवॉल बसवायची. आगीशी संबंध नाही, आई. नेटची तार घरात शिरते तिथे एक संगणक बसवायचा आणि आत येणारं, बाहेर जाणारं सगळं त्याच्या डोळ्यांखालून न्यायचं. वाड्याच्या दिंडीदरवाजावरचा माणूस असतो ना, तसं. म्हणजे त्याला तारेची दोन भोकं हवीत, एक बाहेरच्या बाजूला आणि एक घराच्या. ही दोन भोकं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण दुसऱ्या भोकाचं आहे.

त्यावर चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपीएनसेन्स नावाचं. त्याची वंशावळ मी जेवताना तीनदा ऐकली आहे, तुम्ही एकदा ऐका. मानुएल कास्पर नावाच्या एका स्विस माणसाने २००३मध्ये मोनोवॉल म्हणून असलंच काही काढलं. २०१५च्या फेब्रुवारीत त्याने ते बंद केलं आणि आपल्या लोकांना सांगितलं, आता ओपीएनसेन्सकडे जा. ते महिनाभरच आधी एका डच कंपनीने बाहेर काढलं होतं. "इथे राहतो तर इथलंच वापरावं," इति नीलेश. हा स्वदेशीचा बाणा भाजी घेताना दिसत नाही. भेंडी त्याला भारतीय दुकानातलीच लागते.

संगणक आणला साठ युरोंचा, कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला, दहा-अकरा वर्षांचा, चपटा. आप्पा, तुम्ही पहिल्याच फोनवर विचारलं होतंत, "डबा केवढा?" तेव्हा तो हसला होता. त्याचं हसणं कुरिअर येईपर्यंतच टिकलं. संगणकाला तारेचं एक भोक जन्मजात होतं. दुसऱ्यासाठी कार्ड मागवलं. अशा कार्डाच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, ती मागच्या पत्र्याला स्क्रूने आवळायची. पट्टी आली पूर्ण उंचीची, डबा अर्ध्या उंचीचा. झाकण लागेना. मग साहेबांनी पट्टीच काढून टाकली आणि कार्ड नुसतं खाचेत उभं केलं. तार खुपसली की कार्ड मागे झुके, तार ओढली की हातात येई. शेवटी तुम्ही पाठवलेल्या पोह्याच्या पापडांच्या पिशवीचं रबर लावून ते आवळलं. अशा थाटात आमची फायरवॉल सुरू झाली आणि पहिल्या रविवारी वीस मिनिटांत आई थिजल्या.

आता खरा बिघाड. कार्डाच्या खोक्यावर नाव एकाचं असतं आणि आतली चिप दुसऱ्याचीच. चालवणाऱ्याची गाठ चिपशी. ओपीएनसेन्सच्या पोटात फ्रीबीएसडी नावाची प्रणाली आहे आणि त्या चिपचा तिच्यातला ड्रायव्हर कच्चा निघाला. हो, ड्रायव्हरच म्हणतात, आप्पा. कार्ड चालवायचं कसं हे प्रणालीला सांगणारा प्रोग्रॅम. तेच कार्ड विंडोजमध्ये घाला, मख्खन. इथे मात्र सपाट रस्त्यावर ठीक आणि कात्रजच्या घाटात बंद. ईमेल, बातम्या, अर्णवचा गृहपाठ चालायचा. व्हिडिओ कॉल लागला, वरून ओवीचं काही सुरू झालं, की घाट. स्क्रीनवर ओळ यायची, 'वॉचडॉग टाइमआउट'. म्हणजे कार्डाला काम दिलं, ते काही सेकंद उत्तरच देईना, म्हणून ड्रायव्हरने त्याला पाणी मारून उठवलं. तेवढ्यात तुमची शिंक अडकलेली.

पण हे कळायला तीन आठवडे गेले, कारण तुमच्या मुलाने एका रात्रीत तार बदलली, वायफायचा डबा हलवला, सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं आणि कार्ड काढून पुसून बसवलं. तासभर सगळं झकास चाललं. कशाने चाललं, हे देवालाही माहीत नाही. मग परत बंद. तेव्हा तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते मी फ्रिजवर लिहून चिकटवलंय: 'एका वेळी एकच नग बदल. आणि बरं वाटलं तरी जुना नग परत लावून बघ, दुखणं परत येतं का.' नीलेशने ऑफिसातून एक यूएसबीचं जोडभोक आणलं आणि कार्डाऐवजी ते लावलं. दोन दिवस शांतता. जुनं कार्ड परत लावलं, चाळीस मिनिटांत वॉचडॉग. तेव्हा कुठे त्याने मान्य केलं. फ्रीबीएसडीच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर कुठली कार्डं चालतात त्याची यादी येते, ती त्याने त्या रात्री वाचली. खरेदी झाल्यावर. लग्न झाल्यावर पत्रिका बघण्याचा विनोद इथे करता येतो, पण तुम्हीच आमची जुळवली होती म्हणून गप्प बसते.

यादी वाचून इंटेलच्या चिपचं चार भोकांचं कार्ड आलं, जुन्या सर्व्हरमधून काढलेलं. या खेपेला अर्ध्या उंचीच्या पट्टीसकट. पट्टी बसली, झाकण बसलं, बटण दाबलं. पंखा फिरला आणि काळोख. ना स्क्रीन, ना काही. कार्ड काढलं की संगणक सुरू, घातलं की मेला.

दोन रात्री नीलेश दाढी न करता वावरला. मग त्याला उलगडा झाला. कार्डाचा जो भाग खाचेत जातो त्याला सोनेरी दात असतात. त्यातल्या पाचव्या आणि सहाव्या दातावरून सर्व्हरमध्ये कार्डाची तब्येत विचारतात. काही साध्या संगणकांत त्याच तारेवरून मदरबोर्ड सुरुवातीला मेमरीची विचारपूस करतो. दोघं एकदम बोलायला लागतात, मदरबोर्डला मेमरी सापडत नाही आणि तो उठतच नाही. उपाय काय, तर त्या दोन दातांवर चिकटपट्टी लावायची. नेटचा माल बाकीच्या दातांवरून जातो, त्यामुळे नुकसान काही नाही.

आता गंमत बघा. तुमचा मुलगा चिपा छापायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर तोंडात नॅनोमीटर. या दातांमधलं अंतर एक मिलीमीटर, म्हणजे दहा लाख नॅनोमीटर, आणि ते त्याला दिसेना! चाळिशी लागली आहे, चष्मा घ्यायचा नाही. पहिल्यांदा मोजलं ते उलट्या टोकाकडून. दुसऱ्यांदा पट्टी तीन दातांवर बसली. मग मी म्हटलं, सरक. उष्णता सोसणारी पिवळी टेप होती. भरतकामाच्या कात्रीने तिची दोन मिलीमीटरची चिंधी कापली आणि भुवयांच्या चिमट्यात धरली. अर्णवने मोबाइलची बॅटरी धरली. लोखंडी पट्टीच्या टोकाकडून, चिपच्या बाजूचे दात मोठ्याने मोजले. एक, दोन, तीन, चार. श्वास रोखला, पाच आणि सहा झाकले आणि उरलेली चिंधी दुमडू न देता नखाने दाबली. आई, आठ नंबरच्या सुईत दोरा ओवायला तुम्ही मला बसवायचात तेव्हा मी मनात कुरकुरायचे, ती सगळी कुरकुर मागे घेते. कार्ड अलगद खाचेत सरकवलं, कारण तिरकं गेलं तर टेप सोलून निघते. बटण दाबलं. एक 'टीक' झाली आणि स्क्रीनवर अक्षरं. अर्णवने टाळ्या वाजवल्या. नीलेश म्हणाला, "मी तेच करणार होतो."

पुढचं फार नाही. चार भोकांपैकी कुठलं कोणाचं, हे कार्डावर लिहिलेलं नाही. संगणक त्यांना आयजीबी शून्य ते आयजीबी तीन म्हणतो, भोकं मुकी. म्हणून चपलांच्या रॅकवर मॉनिटर ठेवून नीलेश फरशीवर आणि अर्णव मीटरकास्टात तार घेऊन. "आता?" "नाही!" "आता?" "आलं, हलवू नको!" थंडीत दार सताड उघडं. शेजारच्या आजीबाई आमचं पार्सल द्यायला आल्या, सगळं बघून पार्सल पायरीवर ठेवून गेल्या. भोकांना मी मसाल्याच्या डब्यांची लेबलं लावली: 'बाहेर', 'घर', 'वायफाय', 'रिकामं'. नव्या कार्डाबरोबर सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागली आणि नेटच येईना, कारण जुना राउटर आणि नवी फायरवॉल, दोघांचाही जन्मजात पत्ता १९२.१६८.१.१. एका मजल्यावर दोन फ्लॅटना एकच नंबर, पोस्टमन जिन्यात उभा. जुना काढून टाकला तरी येईना, कारण आमच्या फायबरवर नेट सहा नंबरच्या व्हीलॅनवरून येतं, म्हणजे सहाव्या फलाटावर, आणि नीलेश तिसऱ्यावर बॅगा घेऊन. तो आकडा कंपनीच्याच माहितीपत्रकात होता. ते माहितीपत्रक मीटरकास्टातच, गॅसच्या मीटरमागे.

आज सकाळी अकराला, तुमच्या साडेतीनला, आपण सव्वा तास बोललो. तुम्ही एकदाही थिजला नाहीत. आप्पा मधेच उठून चहा आणायला गेले, तेही पूर्ण दिसलं. फायरवॉलवर नीलेशने नियमही लावलाय, रात्री दहानंतर ओवीच्या फोनचं नेट बंद. ओवी काही बोलली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आप्पा, पुण्याहून कोणी येणार असेल तर तुमचा तो लहान स्क्रूड्रायव्हरचा संच पाठवा. इथले सगळे एक तर मोठे नाही तर बोथट. गोडा मसाला आहे अजून. आई, फोटो परत पाठवते, माझ्याकडे निम्मे आहेत.

आपली,
मानसी

ता. क. पत्र बंद करण्याआधी ओवीच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले. कपाटात लोकरीच्या टोप्यांखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. जुन्या घरातला राउटर माळ्यावरून काढून तिने भिंतीतल्या तारेला जोडलाय. नियम तिच्या फोनच्या नावाने आहे आणि फोन आता त्या राउटरच्या पदराआड. दरवाजावरच्या माणसाला वाटतंय, आत एक साधा राउटर राहतो. रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि पोरगी पांघरुणात कसलीशी मालिका बघतेय. नीलेशला अजून सांगितलेलं नाही, तीन आठवड्यांनी आज पहिल्यांदा घोरतोय. तुम्हीही फोनवर बोलू नका.